एक्स-रेत न दिसलेलं दुखणं

चैताली शेजवळ जात्याच संशयी होती. दूध तापवायच्या आधी वास घेणार, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचणार, आणि कुणी जरा जास्तच गोड बोललं की घरी येऊन आईला विचारणार, की या माणसाचं आपल्याकडे काय काम असेल. आई, लताबाई, म्हणायची की ही पोरगी तान्ही असतानासुद्धा दुसऱ्याच्या कडेवर गेली की आधी त्याचं तोंड निरखायची आणि मगच रडायचं की नाही ते ठरवायची. दहावीला इंग्रजीत तिला फारच कमी गुण पडले. घरातले म्हणाले, पास झालीस ना, मग गप्प बस. तिने फेरमोजणीला अर्ज टाकला आणि गुण वाढून आले. एका पुरवणीचे गुण बेरजेत धरायचे राहून गेले होते. त्यानंतर संशय घेणं वाईट असतं हे तिला कुणी पटवून देऊ शकलं नाही.

नाशिकरोडला सिन्नर फाट्याच्या अलीकडे, विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील सहादू शेजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. आधी ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या वॅगनी उपसायचे, पुढे कायम झाले. त्यांना घरात सगळे आप्पा म्हणत. चैतालीने बी.एस्सी. केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आणि सत्त्याण्णव साली अंबडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाइप करायला लागली. तो कारखाना बंद पडला. थोडे दिवस घरी बसल्यावर कॅनडा कॉर्नरजवळ नव्याने उघडलेल्या एका ऑफिसात तिला काम मिळालं. असं काम असतं हे तोवर तिच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत यंत्रात बोलून ठेवायचे. ते बोलणं इकडे यायचं आणि इथली मुलंमुली कानाला हेडफोन लावून ते ऐकत ऐकत टाइप करायची. टेबलाखाली शिलाई मशीनला असतं तसं पेडल असायचं. दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. पेशंटची माहिती बाहेर जायला नको म्हणून आत काहीच नेता येत नसे; पर्स बाहेरच्या कपाटात, कागद नाही, पेन नाही. खिडक्यांच्या काचांना काळी फिल्म लावलेली. निघताना दारावरचा वॉचमन सगळ्यांच्या हातांकडे बघायचा. इतर मुलींना हे अपमानाचं वाटे. चैतालीला मात्र ते ऑफिस पहिल्याच दिवशी आवडलं. कुणावर विश्वास टाकायचा नाही हे तिथे नियम म्हणूनच होतं.

या कामाने तिचा संशय आणखी पिकला. एखाद्या बाईचा रिपोर्ट यायचा, की तपासणीत काही आढळलं नाही. काही महिन्यांनी त्याच बाईचं नाव परत कानावर पडायचं, या वेळी कुठेतरी बारीकशी सावली असायची. आणि मग पुढचा रिपोर्ट. तो टाइप करताना चैताली पेडल परत परत दाबून तेच वाक्य पुन्हा ऐकायची. आपण त्या बाईला कधी बघितलेलं नाही, बघणारही नाही, पण तिला अजून माहीत नसेल ते आपल्याला आधी कळलं, असं तिला वाटायचं. हळूहळू 'काही आढळलं नाही' हे वाक्य तिला वाईट बातमीची सुरुवात वाटायला लागलं.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर तिचं स्वतःचंच दुखायला लागलं. उजव्या खांद्याच्या मागे जे चपटं हाड असतं, ज्याला आई खवाटा म्हणायची, त्याच्या आतल्या कडेला, कण्याच्या बाजूला. सकाळी नुसतं टोचायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे कुणी जळती उदबत्ती टेकवून धरल्यासारखं व्हायचं. हात वरून नेला तरी बोट तिथे पोचत नसे, खालून नेला तरी नसे. बसमध्ये ती पाठ सीटच्या दांडीला लावून बसायची आणि खड्डा आला की बरं वाटायचं.

ऑफिसात ती कुणाला काही बोलली नाही. कारण होतं. त्याआधी एका मुलीने मनगट दुखतं म्हणून सांगितलं होतं. तिला आधी कमी काम दिलं, मग सोपं काम दिलं, आणि मग एक दिवस सांगितलं की तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. तेव्हापासून त्या खोलीत कुणाचंच काही दुखत नव्हतं.

चैतालीने आपल्या पद्धतीने शोध सुरू केला. इतके दिवस दुखलं नाही ते आताच का? तिचं लक्ष खुर्चीवर गेलं. खुर्च्या सगळ्या सारख्याच, निळ्या कापडाच्या, चाकांच्या. पण तिला वाटलं की आपली खुर्ची एवढी मागे कलत नव्हती. कुणीतरी बदलली असणार. नखाला लावायच्या रंगाचा एक ठिपका खुर्चीला देऊन ठेवायचं तिने ठरवलं, पण बाटली आत नेता येईना. शेवटी वॉचमन जागेवर नाही असं बघून तिने ती मुठीत धरून आत नेली आणि खुर्चीच्या बुडाखाली लाल ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ती येऊन वाकून बघते तर ठिपका नाही. शेजारच्या खुर्चीखाली होता. शेजारी तृप्ती बसायची.

तृप्ती सिडकोत राहायची. कामात चपळ, बोलायला मोकळी, सगळ्यांना हवीहवीशी. आणि तिचं हेच चैतालीला पहिल्यापासून खटकत होतं. तरी हे दुपारच्या पाळीतल्या कुणाचं काम असेल म्हणून चैतालीने गुपचूप खुर्ची बदलून घेतली आणि पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा तृप्ती हेडफोन लावून मान खाली घालून टाइप करत होती आणि लाल ठिपक्याची खुर्ची तिच्याखाली होती.

मग रोज हेच चालू झालं. जी आधी येईल ती खुर्ची ओढून घ्यायची. दोघी एकमेकींना 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या, डबाही शेजारी बसून खायच्या, आणि खुर्चीबद्दल एक शब्द नाही. चैतालीला एवढंच कळत नव्हतं की तृप्तीला हे कसं कळलं, की माझं दुखतं आहे. कारण त्याशिवाय ती मुद्दाम त्रास का देईल?

घरी मात्र लपलं नाही. आईने विचारलं, मग आप्पांनी ऐकलं. आप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मी जलमभर वॅगनी उपसल्या, माझा खवाटा कधी दुखला नाय. तू एसीत बसती, गादीच्या खुर्चीवर बसती, आन् तुझा दुखतो."

चैतालीने त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"पाहुणे येणार म्हणल्याव दुखायला लागलं, हे बी मी बघतो हाय," असं म्हणून ते हात धुवायला उठले.

पाहुणे म्हणजे सुयशच्या घरचे. सुयश अंबडला एका कारखान्यात होता. तयार झालेले भाग मापात आहेत की नाहीत ते तपासून, खोटे निघतील ते बाजूला काढायचं त्याचं काम. स्थळ आप्पांच्या ओळखीतून आलं होतं. चैताली चोवीस ओलांडून गेली होती आणि आधीची दोन स्थळं तिनेच काहीतरी शंका काढून परतवली होती. त्यामुळे आप्पांना या दुखण्याचा संशय येणं अगदीच चूक नव्हतं. लताबाईंचा संशय वेगळाच. मुलीला नोकरी चांगली लागली, त्यावर कुणाची तरी नजर पडली. शेजारच्या गावात अशा गोष्टी उतरवणारी एक बाई होती. पण आप्पांपुढे तो विषय काढायची सोय नव्हती. या घरात असलं काही चालायचं नाही, हे त्यांनी लग्नातच सांगून ठेवलं होतं.

शेवटी ती बिटको चौकाजवळच्या डॉक्टरांकडे गेली. लहानपणापासूनचे डॉक्टर. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, उजेडासमोर धरून बघितला आणि हसून म्हणाले की काही नाही, अगदी स्वच्छ आहे. चैतालीचं तोंड उतरलं. डॉक्टरांना वाटलं हिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. ती घरी येईपर्यंत विचार करत राहिली की डॉक्टर आप्पांना ओळखतात, उद्या परवा आप्पांना एकट्याला बोलावून खरं सांगतील. त्या आठवड्यात ती आप्पांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून होती. आप्पांचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि तेही तिला ठीक वाटेना.

डॉक्टरांनी एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमचं नाव दिलं होतं. मुंबई नाक्याजवळ एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर. मॅडमने तिला पालथं झोपवलं, खवाट्याच्या कडेने अंगठा फिरवत आणला आणि एका जागी दाबला. चैतालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत ती जागा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला सापडली होती. मॅडम म्हणाल्या की हाड ठीकच आहे, स्नायू आखडलाय. एक्स-रेत हाड दिसतं, स्नायूची गाठ दिसत नाही. मग त्यांनी बसायची पद्धत विचारली. पडदा कुठे, हात कुठे, पाय कुठे. चैतालीच्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा समोरच ठेवलेला होता, त्यामुळे पेडल उजवीकडे लांब सरकलेलं. दिवसभर ती उजवा पाय बाहेर टाकून, कमरेतून पिळून, मान खाली पुढे काढून बसायची. मॅडम म्हणाल्या, पोळपाट तिरका ठेवून रोज शंभर पोळ्या लाटल्या तर काय होईल? तसंच हे.

पटण्यासारखं होतं, पण चैताली बाहेर आल्यावर तिच्या मनात आलंच, की हे सांगायचं म्हणून सांगितलं असेल, म्हणजे मी परत परत यावं. तरी ती गेली, कारण त्या दिवशी बसमध्ये तिला पाठ दांडीला लावावी लागली नव्हती.

अडचण एकच होती. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नुकतीच दुसरी कंपनी उघडली होती, अगदी हेच काम करणारी. कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसातले दोघेजण तिकडे गेले होते आणि मालक तेव्हापासून सैरभैर झाला होता. कुणी अर्धी सुट्टी मागितली की टीम लीडर अमितला विचारणा व्हायची, ती कशाला, कुठे गेली. चैतालीला हे माहीत होतं. म्हणून ती मुंबई नाक्याला उतरली की आधी ओढणी तोंडाला गुंडाळून घ्यायची, डोळे तेवढे उघडे, आणि भराभर आत शिरायची.

सुयश आणि त्याचे आईवडील येऊन गेले. बोलणं बरं झालं. त्याने फार गोड बोलायचा प्रयत्न केला नाही हे चैतालीला आवडलं. वडीलधाऱ्यांनी दोघांना अजून एकदा भेटून बोलायला सांगितलं, तेव्हा ते गांधीनगरच्या बस थांब्याजवळच्या एका हॉटेलात चहा प्यायला बसले. सुयशने कप बाजूला सारला आणि विचारलं, "तुमच्या पाठीचं काय आहे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते राहू द्या. आहे का काही?"

"दुखतं. एक्स-रेत काही नाही."

"मग दुखतं कशानं?"

चैतालीला उत्तर देता आलं असतं. पेडल, पडदा, पिळून बसणं, सगळं तोंडपाठ होतं. पण तिचं डोकं दुसरीकडेच धावत होतं. सुयशची खोली सिडकोच्या कडेला. तृप्ती सिडकोतली. खुर्ची, आणि आता हे. ती उत्तर न देता अर्धा चहा टाकून उठली.

त्याच आठवड्यात अमितने तिला केबिनमध्ये बोलावलं. अमित तिच्याच वयाचा, पण त्याला सगळ्यांनी सर म्हणायचं अशी पद्धत होती. त्याने विचारलं की परवा दुपारी तू कुठे होतीस. तिने सांगितलं, डॉक्टरकडे.

"मुंबई नाक्याला?"

"हो."

"तोंड बांधून?"

चैतालीचा हात ओढणीकडे गेला. अमित म्हणाला की त्या इमारतीत वर कोण आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, आणि जायचंच असेल तर सरळ सांगून जा. तिने सांगितलं की मी तळमजल्यावर जाते, पाठ दुखते, एक्स-रे काढला आहे. तो म्हणाला, मग घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी ती एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरून, भरलेल्या बसमधून, कुणाचा धक्का लागू न देता घेऊन आली. वॉचमनने ते आत नेऊ दिलं नाही. कागद आत चालत नाही. तिने सांगितलं हा कागद नाही. तो म्हणाला पाकीट तर कागदाचं आहे. अखेर अमितच बाहेर आला. दाराशी ट्यूबलाइटच्या समोर त्याने ती काळी फिल्म धरली, उलटी, मग सुलटी. आत जाणारी मुलं थांबून बघायला लागली.

"यात तर काहीच नाही," अमित म्हणाला.

"तेच सांगते आहे. यात दिसत नाही."

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. स्वतःचं खरं सिद्ध करायला तिने जे आणलं होतं त्याच्यावरूनच ती खोटी ठरली होती. अमितने फिल्म पाकिटात घालून परत दिली आणि म्हणाला की सोमवारपर्यंत काय ते ठरव. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर तिनेही विश्वास ठेवला नसता.

जेवणाच्या सुट्टीत ती तृप्तीला म्हणाली, जरा बाहेर ये. जिन्याच्या वळणावर दोघी उभ्या राहिल्या. चैतालीने आवाज चढवला नाही. माझी खुर्ची तू घेतेस, तिच्याखाली मी लाल ठिपका दिलेला आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस, असं सांगितलं. मला मुंबई नाक्याला बघून सरांना तू सांगितलंस. आणि सुयशच्या घरी माझ्या पाठीचं सांगायला कशाला गेलीस?

तृप्तीने आधी जिन्यात वर-खाली कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "खुर्ची मी घेते. सुयश कोण ते मला माहीत नाही."

"का घेतेस?"

"तुझी चांगली असेल वाटलं. तू कधी कुरकुरत नाहीस. माझी पाठ इथं जळते," असं म्हणून तिने डावा हात मागे न्यायचा प्रयत्न केला. तो पोचला नाही.

चैतालीला हे खरं वाटलं नाही. दुखण्याचं सोंग आणणं सोपं असतं, हे तिला गेल्या महिन्यात सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिने तृप्तीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मॅडम फिरवायच्या तसा अंगठा तिच्या डाव्या खवाट्याच्या कडेने फिरवत आणला आणि जिथे सुपारीएवढी गाठ लागली तिथे दाबला. तृप्तीचे गुडघे वाकले. तिने भिंतीला हात टेकला. कान लाल झाले होते.

"कधीपासून?" चैतालीने विचारलं.

"पावसाळ्यापासून. घरी पण नाही सांगितलं."

म्हणजे चैतालीच्याही आधीपासून. दोघी पायरीवर बसल्या. मुंबई नाक्याचं तू सांगितलंस का, हे चैतालीने पुन्हा विचारलं नाही, आणि तृप्तीने आपण होऊन त्यावर काही म्हटलं नाही.

घरी गेल्यावर चैतालीने चपला काढायच्या आधी विचारलं की सुयशच्या घरी माझ्या पाठीचं कुणी सांगितलं. लताबाई चुलीपाशी काहीतरी शोधू लागल्या. आप्पा खाटेवर बसले होते.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिशी अंबडला गेलो व्हतो. मागून कळलं असतं त तुला फसवणारी म्हणले असते."

"पण तुम्ही तर म्हणायचे मी सोंग करते."

आप्पांनी पायाची बोटं चोळली. "पयल्या पाळीला मी पहाटं उठतो. तू मोरीच्या दाराच्या चौकटीला पाठ घासती. आम्ही झोपलो असं तुला वाटतं. सोंग करणारं माणूस लोकांपुढं करतं, एकटं असल्याव नाय करत."

चैतालीने चपला काढून बाजूला ठेवल्या. इतके दिवस ती त्यांच्या चेहऱ्यावर पहारा ठेवून होती, आणि ते तिच्यावर. तिने फक्त विचारलं, तुमचा खवाटा खरंच कधी दुखला नाही का? आप्पा म्हणाले, दुखायचा की, पण कुणाला सांगणार, ठेकेदाराला? आणि त्यांनी लताबाईंना जेवायला वाढायला सांगितलं.

सोमवारी चैताली आणि तृप्ती दोघी मिळून अमितच्या केबिनमध्ये गेल्या. चैतालीने एका दमात सगळं सांगितलं. डबा समोर असल्यामुळे पेडल बाजूला जातं, पडदा खाली असल्यामुळे मान वाकते, मधे उठायचं नाही म्हणून खांदे सुटत नाहीत. तृप्ती म्हणाली, सर, मलाही आहे, आणि मी कुठे डॉक्टरकडेसुद्धा जात नाही, मग माझ्यावर काय संशय घेणार?

अमितने उठून दार लावलं. परत बसताना त्याने खुर्ची आणि पाठ यांच्यामधून एक रबरी शेकायची पिशवी काढून टेबलावर ठेवली. ती गार झालेली होती. "हे मालकांना कळता कामा नये," तो म्हणाला.

त्या आठवड्यात टेबलाखालचे डबे निघून वर टेबलावर, कडेला आले. पेडलं समोर आली. पडद्यांखाली टेलिफोनच्या जुन्या जाड डिरेक्टऱ्या गेल्या. त्या आत येऊ द्यायला अमितने स्वतः वॉचमनला सांगितलं. जेवणाच्या आधी आणि नंतर एकेकदा उठून उभं राहायला परवानगी मिळाली. मालकाने हे बघितलं तेव्हा त्याला वेगळाच वास आला. कुणी युनियनवाला आत शिरलाय का, असं त्याने अमितला विचारलं. अमितने सांगितलं की फरशीवरच्या धुळीने मशीन खराब होत होती, म्हणून वर घेतली. मशीनचं नाव निघाल्यावर मालकाचं समाधान झालं. पुढच्या काही दिवसांत जिन्याच्या वळणावर एकेक करून बऱ्याच जणी चैतालीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, जरा बघ गं, इथं गाठ लागते का. तिच्या अंगठ्याला लागायची.

तिचं दुखणं एकदम गेलं नाही. आधी दुपारऐवजी संध्याकाळी यायला लागलं, मग काम वाढलं की तेवढं. मॅडमने शिकवलेले हातांचे व्यायाम ती मोरीच्या दारात उभी राहून करायची, आणि आप्पा पहाटे निघताना बाजूने वाट काढून जायचे.

सुयशकडून मात्र काही निरोप आला नाही. आप्पांनी एकदा विचारून बघितलं, तेव्हा मुलाच्या मामाचं अजून ठरत नाही असं उत्तर मिळालं. मामा पहिल्यापासून कुठेच नव्हता. पाठीमुळे मोडलं, की त्या दिवशी ती चहा टाकून उठली म्हणून मोडलं, की तिसरंच काही होतं, ते चैतालीला कधी कळलं नाही. तिला हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याने विचारलं होतं, दुखतं कशानं, आणि तो प्रश्न त्याने सरळपणे विचारला होता, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

उन्हाळ्यात तृप्तीने नोकरी सोडली. मुंबई नाक्याच्या कंपनीत गेली. तिथली मुलाखत तिने हिवाळ्यातच दिली होती, म्हणजे ज्या दिवसांत चैताली तोंड बांधून तळमजल्यावर जात होती त्याच दिवसांत ती जिना चढून वर जात होती. हे ऐकून चैतालीने मनातल्या मनात सगळं परत जुळवून बघितलं. तृप्तीने तिला तिथे बघितलं असणार. आपल्याबद्दल विचारणा व्हायच्या आधी तिने चैतालीचं नाव पुढे केलं असणार. किंवा तिने काहीच केलं नसेल, बघणारा तिसराच कुणी असेल. गुडघे वाकले होते ते तर खरं होतं. त्याचं सोंग आणता येत नाही. एकच माणूस दोन्ही असू शकतं, हे तिला कळत होतं, पण पचत नव्हतं. तिने तृप्तीला विचारलं नाही. दोघींचे फोन मात्र चालू राहिले, दिवाळीला, वाढदिवसाला, आणि पाठ कशी आहे म्हणून अधूनमधून.

दोन हजार सहा साली कॅनडा कॉर्नरचं ऑफिस बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. मालक सगळ्यांना सांगत होता की असं काही नाही. त्यामुळे चैतालीची खात्री पटली. तेव्हाच तृप्तीचा फोन आला. ती आता तिथे टीम लीडर होती. म्हणाली, "आमच्याकडे जागा आहे. येतेस का?"

चैताली म्हणाली, बघते. दोन दिवस तिने विचार केला की मलाच का बोलावलं. मग अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, अमितला खरं कारण सांगून, आणि मुंबई नाक्याला गेली. या वेळी ओढणी गळ्यातच होती. तळमजल्यावर मॅडमच्या दाराला कुलूप होतं; त्या कुठे दुसरीकडे गेल्या होत्या. ती जिना चढून वर गेली. तृप्तीने तिला सगळं ऑफिस दाखवलं. चैतालीने टेबलांच्या खाली वाकून बघितलं, पडद्याच्या समोर बसून मान किती वाकते ते बघितलं, मधे उठू देतात का ते विचारलं. तृप्तीने सगळ्याला हो म्हटलं.

मग तृप्ती फोनवर बोलायला बाजूला गेली तेव्हा चैतालीने तिथे काम करणाऱ्या तीन मुलींना वेगवेगळं गाठून विचारलं की तुमची पाठ दुखते का. तिघीही नाही म्हणाल्या. तिचा एकीवरही विश्वास बसला नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ती तिथे रुजू झाली.